बाई परत वळल्या नाहीत

बाईंना फसवलं ते त्यांच्याच नाशिकच्या एका माणसाने, आणि फसवताना तो त्यांना 'मावशी' म्हणत होता. त्याने बाईंचं नाटक घेतलं, बाईंचे पाय घेतले आणि बाईंना शाल-नारळ देऊन खुर्चीत बसवलं. हे आधीच सांगून टाकतो. कारण बाईंबद्दल बोलायला लागलो की मला हसू येतं आणि हसता हसता माणूस मूळ मुद्दा विसरतो. मी मुद्दा सोडणारा माणूस नाही.

मी लाकूडवाला. रत्नागिरीच्या खाडीकाठचा, दहावी नापास. रियाधला आलो तेव्हा अल सुलैमध्ये दुसऱ्याच्या गोदामात प्लायवूडच्या फळ्या पाठीवर वाहत होतो. आज त्याच रस्त्यावर माझं गोदाम आहे. जे मिळवलं ते भाव करून मिळवलं. भाव करताना ओरडायचं, कॅल्क्युलेटर आपटायचा, आणि समोरचा अगदीच हलेना तर उठून दाराकडे चालू लागायचं. दार येण्याआधी तो हाक मारतोच. ही माझी विद्या. तिच्यावर मी घर बांधलं, मुली शिकवल्या.

या विद्येचा उपयोग फक्त एका गिऱ्हाइकावर कधी झाला नाही. ते गिऱ्हाईक म्हणजे बाई.

बाई पहिल्यांदा आल्या त्या भर दुपारी. काळा अबाया, डोक्यावर उन्हाची टोपी, खांद्याला भाजीची असते तशी पिशवी. मला वाटलं, कुठल्या तरी इंजिनिअरची बायको, पुस्तकांचं कपाट करून घ्यायला आली असेल. त्यांनी मला सलाम नाही, नमस्कार नाही, काही केलं नाही. पिशवीतून टाचेचे जोडे काढले, ते घातले, आणि आडव्या रचलेल्या प्लायवूडच्या थप्प्यांवर एकेक करून चढून टाच आपटायला लागल्या. माझे कामगार काम टाकून बघत उभे.

"हे बहिरं आहे," एका थप्पीवरून उतरत बाई म्हणाल्या. दुसरीवर चढल्या. "हे तोतरं बोलतंय."

मी म्हटलं, "बाई, लाकूड विकत घ्यायचंय की त्याच्याशी लग्न करायचंय?"

"लग्न एकदा झालंय," त्या टाच आपटतच म्हणाल्या. "आता उलट उत्तर देणारं कुणीतरी हवंय."

शेवटी कोपऱ्यातलं बीचचं, म्हणजे युरोपातल्या एका टणक झाडाचं, लाकूड त्यांना पसंत पडलं. मी भाव सांगितला. अर्थात फुगवून सांगितला, कारण पुढे घासाघीस होणार. मी वाट पाहिली. त्या पण वाट पाहतायत. मी म्हटलं, "काहीतरी बोला ना!"

"तुम्ही सांगितलेला भाव बरोबर आहे का?"

"नाय."

"मग बरोबर सांगा."

आयुष्यात पहिल्यांदाच मी माझ्याशीच घासाघीस करून माझाच भाव उतरवला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी कामगारांवर विनाकारण ओरडत होतो.

ते लाकूड नाचायला हवं होतं. फ्लॅमेंको नावाचा स्पेनचा नाच आहे, त्यात अंगापेक्षा पाय जास्त बोलतात. जोड्यांच्या टाचेला आणि चवड्याला बारीक खिळे ठोकलेले असतात, आणि खाली चांगलं लाकूड असलं तर ते ढोलकीसारखं वाजतं. म्हणजे नाचणाराच वाजवणारा, आणि वाद्य म्हणजे जमीन. हे मला बाईंनी शिकवलं. मी त्यांना शिकवलं की पैठणीचा भाव करतात तसा लाकडाचा पण करतात. त्या शिकल्या नाहीत.

लहानपणी बाई नाशिकला कथक शिकत होत्या. लग्नाच्या आधी वडिलांनी घुंगरू माळ्यावर टाकले. नवरा चांगला होता, पण तो आधी अबकैकला तेलाच्या प्लँटवर आणि मग रियाधला, आणि त्या काळी इथे नाच म्हणजे बंद घरातली गोष्ट. कंपाउंडमध्ये शेजारी एक स्पॅनिश बाई राहायची. दोघी खिडक्यांना आतून ब्लँकेटं लावून, एसी मोठा करून नाचायच्या. ती स्पॅनिश बाई परत गेली तेव्हा स्वतःचे जोडे बाईंना देऊन गेली. मापाला मोठे होते. बाई वर्षानुवर्षं त्यात कापूस भरून नाचल्या.

मी एकदा विचारलं, "घुंगरू बरे की हे?"

"घुंगरू पायाची वकिली करतात," बाई म्हणाल्या. "इथे पायालाच साक्ष द्यावी लागते."

त्यांच्या पर्समध्ये लिपस्टिकच्या जागी एक छोटी हातोडी असायची. सुटलेला खिळा दिसला की कुठेही बसून ठोकायच्या. दवाखान्यात, बँकेत, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. विमानतळावर ती हातोडी जप्त झाली की परत आल्यावर पहिलं काम नवी हातोडी. साहेब, म्हणजे त्यांचे मिस्टर, मला हळूच म्हणायचे, "शेठ, एक हातोडी बाजूला काढून ठेवत जा. दर सुट्टीला लागते."

माणूस कसा आहे हे बाई चेहऱ्यावरून ठरवायच्या नाहीत, त्याच्या चालण्याच्या आवाजावरून ठरवायच्या. माझ्या हिशेबनीसाला म्हणाल्या, "तुम्ही टाच टेकतच नाही. कशाला घाबरता?" तो बिचारा केरळचा, त्याला मराठी कळत नव्हतं, तरी घाबरला. मला म्हणाल्या, "तुम्ही फार आपटता. ज्याला आपलं ऐकलं जाणार नाही असं वाटतं तो आपटतो." मी म्हटलं, "आणि तुम्ही?" त्या म्हणाल्या, "मी पण."

बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली तेव्हा लायसन्ससाठी रांगेत पुढे उभं राहणाऱ्यांत बाई होत्या. पण गाडी वाईट चालवायच्या. सिग्नलला थांबल्या की स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरायच्या, हिरवा लागला तरी ठेका संपल्याशिवाय हलायच्या नाहीत. मागे हॉर्नचा कल्ला. एकदा मी शेजारी बसलो होतो. मागचा ड्रायव्हर उतरून काचेपाशी आला, "यल्ला, यल्ला!" बाईंनी काच खाली केली आणि मराठीत सांगितलं, "सम यायचीय." काय आश्चर्य, तो थांबला.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर गोदाम बंद असतं. त्या वेळी बाई तिथे सराव करायच्या. मी त्यांना बीचच्या फळ्यांची जमीन तुकड्यातुकड्यांत बांधून दिली होती, उचलून नेता येईल अशी. त्यातली एक फळी करकरायची. मी दोनदा नवीन बसवायला गेलो, दोन्ही वेळा बाईंनी हातोडी उगारली. "राहू दे तिला. एवढ्या सगळ्यांत ती एकटीच न विचारता बोलते."

याच जमिनीवर त्यांनी त्यांचं नाटक बसवलं. तोंडी शब्द एकही नाही, सगळं नाचून. बंदरावरची एक बाई एका माणसावर जीव टाकते. कसा जीव टाकते? पहिला अर्धा भाग तेवढंच आहे, आणि पाहताना मला माझे लग्नाचे दिवस आठवून कान गरम व्हायचे. तो माणूसही तिच्यावर तेवढाच वेडा. तो आपली शाल तिच्या खांद्यावर घालतो. मग म्हणतो, लग्न करू, पण हे जोडे काढ. ती रात्रभर नाचते, त्याच्यासाठी, त्याच्याविरुद्ध. शेवटी खांद्यावरची शाल काढते, नीट घडी घालते, जमिनीवर ठेवते आणि दारातून निघून जाते. परत वळत नाही.

हा शेवट मला पटेना. धंद्याचा माणूस मी. म्हटलं, "बाई, मधला काहीतरी मार्ग काढा. तिने आठवड्यातून एकदा नाचावं, त्याने थोडं डोळे मिटावेत. सौदा जमतो."

"शेठ, ही फळी नाही मधोमध कापायला."

"मग प्रेम खोटं होतं म्हणा. शाल फेकून जाऊ दे."

बाई चिडल्या. "फेकेल कशाला? घडी घालायची. प्रेम होतं ना! खरं होतं म्हणून घडी, आणि स्वतःचे पाय स्वतःचे म्हणून दार. यात मध्ये काय आहे तुम्ही सांगा."

मी साहेबांकडे बघितलं. ते थर्मासमधून चहा ओतत होते. म्हणाले, "माझ्याकडे बघू नका. मी जोडे काढ म्हणालो नाही, म्हणून आज चहा ओततोय."

आता त्या माणसाकडे येतो. नाव घेत नाही. नाव घेतलं की त्याची जाहिरात होते. मी त्याला मॅनेजर म्हणतो. रियाधमध्ये आता नाटकं होतात, गाणी होतात, मोठमोठे मांडव उभे राहतात, आणि असे कार्यक्रम भरवणाऱ्या कंपन्याही झाल्या. त्यातल्या एकीत हा. गोड बोलणं, पांढरे बूट, चालताना आवाज शून्य. बाईंनी तेव्हाच मला सांगायला हवं होतं की याच्या चालण्याला आवाज नाही. पण तो नाशिकचा निघाला, बाईंच्या माहेरच्या गल्लीजवळचा, आणि पहिल्याच भेटीत वाकून पाया पडला. "मावशी, तुमचं नाटक मी थिएटरात लावतो." बाईंना दुसरं काही ऐकूच आलं नाही.

कारण साहेबांची निवृत्ती ठरली होती. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपला की देश सोडायचा, खलास. एवढी वर्षं ब्लँकेटाआड नाचलेली बाई, तिला ज्या शहरात लपून नाचली त्याच शहरात एकदा उजेडात नाचायचं होतं. नाशिकला जाऊन नाचता आलं असतं, पण ते वेगळं. "जिथे तोंड दाबलं तिथेच बोलायचं असतं," असं त्या म्हणायच्या. म्हणजे एकच संधी, आणि ती या माणसाच्या हातात.

बोलणी मी केली. बाई गप्प बसल्या होत्या, मी टेबल ठोकत होतो. तीन गोष्टी ठरल्या: नाचणार बाई, जमीन माझी, शेवट बाईंचा. मॅनेजरने सगळ्याला मान डोलावली. मग त्याची माणसं माईक घेऊन गोदामात आली. म्हणाली, आवाजाचा अंदाज घ्यायचाय. बाईंनी अख्खं नाटक त्यांच्यासाठी नाचून दाखवलं, जीव ओतून. मी माणसांना गार पाणी दिलं. ती माझ्या ट्रकमधून जमीन पण घेऊन गेली.

खेळ चार दिवसांवर आला तेव्हा तो पेढे घेऊन बाईंच्या घरी गेला. मी पण होतो. म्हणाला, "मावशी, पैसे लावणाऱ्यांना तरुण चेहरा हवाय. बाहेरून एक मुलगी बोलावलीय. तुम्ही मार्गदर्शक. तुमचा मान मोठाच राहील."

मी उठलो. म्हटलं, "बाई, दाराकडे चला. आत्ता. तो हाक मारेल, मी सांगतो ना! याला चार दिवसांत दुसरं नाटक मिळणार नाही."

"दाराकडे गेले तर मला खरंच बाहेर जावं लागेल, शेठ," बाई म्हणाल्या. "तुमच्यासारखं परत वळायला मला येत नाही."

मग त्यांनी मॅनेजरला दोनच प्रश्न विचारले.

"शेवट?"

"तसाच, मावशी."

"जमीन?"

"शेठचीच."

बाईंनी पेढा घेतला. आयुष्यात कधी भाव न करणाऱ्या बाईने त्या दिवशी एकदाच मधला भाव घेतला. स्वतःला सोडलं आणि नाटक वाचवलं. साहेब उठून स्वयंपाकघरात गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

खेळाच्या संध्याकाळी आम्ही तिघं गेलो. थिएटर गच्च. सौदी कुटुंबं, आपले लोक, गोरे, सगळे. पडदा उघडायच्या आधी मॅनेजरने बाईंना पुढे बोलावलं, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, फोटो काढले. "आमच्या मार्गदर्शक मावशी!" टाळ्या. आपल्यात शाल-नारळ दिला की माणूस संपतो. मग त्याने तोंड उघडायचं नसतं, कारण सत्कार झालेला आहे. मॅनेजर हे जाणून होता. ती शाल त्याने मान म्हणून नव्हे, बूच म्हणून दिली.

आमच्या जागा अगदी मागे, पाहुण्यांच्या सोफ्यांसाठी जो उंच ओटा केला होता त्याच्या कडेला. ओट्यावर चढलो आणि माझ्या पायाखाली करकर झाली.

मी थांबलो. बाई पण थांबल्या. मी खाली वाकून गालिच्याचा कोपरा उचलला. बीच. माझी जमीन, बाईंची फळी, सोफ्यांखाली.

"शेठ," बाई इतकंच म्हणाल्या.

पडदा उघडला. रंगमंचावर काळी चकचकीत रबरी चादर, आरशासारखी. फोटोत छान दिसते. मुलगी नाचायला लागली, चांगली नाचत होती, तिची काही चूक नाही. पण रबरावर टाच वाजत नाही. तरी सगळ्या हॉलमध्ये टाचांचा आवाज दणदणत होता, स्पीकरमधून. साहेबांनी डोळे मिटून घेतले. नवऱ्याला बायकोची पावलं ओळखायला किती वेळ लागतो? आणि मला वेळ लागला नाही, कारण मधूनमधून त्या आवाजात एक फळी करकरत होती. ती फळी तेव्हा माझ्या बुटाखाली होती.

मी शिव्या द्यायला तोंड उघडलं. बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "शेवट बघू."

शेवट आला. तो माणूस गुडघ्यावर बसला, खिशातून अंगठी काढली. मुलीने जोडे काढले. हो, जोडे काढले! त्याने अंगठी घातली, वरून कागदाच्या पाकळ्या पडल्या आणि स्पीकरमधली बाईंची पावलं हळूहळू लहान होत विझवली गेली.

पावलं विझली त्या क्षणी बाई उभ्या राहिल्या. पिशवीतून जोडे काढले. मला काही सांगावं लागलं नाही. मी गालिचा धरून ओढला. सोफ्यावरच्या एका बड्या माणसाने पाय वर घेतले, रागाने नाही, कुतूहलाने.

आणि बाई नाचल्या.

माईक नाही, दिवे नाहीत. माझं लाकूड आणि त्यांच्या टाचा. आधी शेवटच्या रांगा वळल्या, मग सगळं थिएटर वळलं, रंगमंचाकडे पाठ करून. मॅनेजर मधल्या वाटेने धावत आला. आवाज नसलेले बूट. मी त्याच्या आणि बाईंच्या मध्ये उभा राहिलो. काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. रंगमंचावर गिटार वाजवणारा एक म्हातारा होता, तेवढाच त्या सगळ्यात खरा. त्याने मान वर केली, ऐकलं, आणि बाईंच्या पावलांमागे गिटार लावली. ती मुलगी अनवाणी पुढे आली आणि टाळीचा ठेका धरला.

मी बाईंना कित्येक शुक्रवार पाहिलं होतं. असं पाहिलं नव्हतं. गोदामात त्या नाटकातल्या माणसासाठी आणि त्याच्याविरुद्ध नाचायच्या. इथे त्या ब्लँकेटं फाडत होत्या, माळ्यावरचे घुंगरू खाली काढत होत्या. करकरणाऱ्या फळीवर त्या मुद्दाम येत होत्या, पुन्हा पुन्हा, जणू तिला म्हणत होत्या: बोल, तू पण बोल.

मग थांबल्या. खांद्यावरची शाल काढली. सावकाश घडी घातली, कडेला कड जुळवून. फळीवर ठेवली, वर नारळ ठेवला. आणि दाराकडे चालत गेल्या, टाच पूर्ण टेकवत. दार उघडलं, बाहेर पडल्या. टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. लोक दाराकडे बघत होते, बाई परत येतील म्हणून.

साहेब पिशवी उचलून त्यांच्या मागे गेले. मी शाल आणि नारळ तिथेच राहू दिला. फळी मात्र दुसऱ्या दिवशी जाऊन उखडून आणली.

महिन्याभरात बाई नाशिकला गेल्या. विमानतळावर हातोडी जप्त झाली.

इथपर्यंत मी गप्प बसलो असतो. पण त्या रात्रीचं कुणीतरी काढलेलं चित्रीकरण मोबाइलवर सगळीकडे फिरलं, तेव्हा मॅनेजरने जाहीर केलं की हा शेवट त्याचीच कल्पना होती, प्रेक्षकांना धक्का द्यायला. आता त्याचं नाटक जेद्दाहला लागलंय. माझं अझीझिया भागातलं एक गिऱ्हाईक बघून आलं. तो सांगतो, दर खेळाला मागच्या रांगेतून एक वयस्क बाई उठते, भाड्याने आणलेली. शाल घडी घालून ठेवते, दारातून जाते. आणि पावलांचा आवाज स्पीकरमधून येतो. करकर आहे त्यात.

मी बाईंना फोन केला. रागाने मला धड बोलता येत नव्हतं. बाई सगळं ऐकून हसल्या.

"शेठ, एक सांगा. ती बाई दारातून गेल्यावर परत वळते का?"

"वळते ना! टाळ्या घ्यायला परत आत येते, हात जोडते."

"मग ती मी नाही," बाई म्हणाल्या, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.

बाईंचं समाधान झालं. माझं नाही झालं. बाई भाव करत नाहीत, मी करतो, आणि हा सौदा मी बंद झालेला मानत नाही. मॅनेजर, तू मराठी वाचतोस, म्हणून मराठीत लिहितोय. तुझ्या स्पीकरमधून कुणाचे पाय वाजतात? ते तू कुणाला विचारून वाजवतोस? जिने तुला भाचा मानलं तिचं नाव तुझ्या एकाही जाहिरातीवर का नाही? मला तुझं 'नंतर बघू' नको, 'ऑफिसला या' नको. अल सुलैला माझं गोदाम शुक्रवारी बंद असतं, तुझ्यासाठी उघडेन. ती फळी मी मधोमध बसवून ठेवलीय. ये, पांढरे बूट घालून तिच्यावर उभा राहा, आणि माझ्याकडे बघून सांग की ते पाय तुझे आहेत.

फळी न विचारता बोलते. तू विचारल्यावर तरी बोल.